एकशे चारावं मिनिट

‘गाळ’ हा चित्रपट सांगलीच्या चित्रमंडळात पहिल्यांदा दाखवला गेला तेव्हा सभागृहात एकशे सत्तर माणसं होती. संपला तेव्हा शंभरच्या आसपास उरली होती आणि त्यातली निम्मी चिडलेली होती. ही २०३६ सालची गोष्ट.

चित्रपट एका धरणाबद्दल होता. धरणाच्या तळाचा दरवाजा गाळानं अडकतो. तो मोकळा करायला कालिंदी नावाची अभियंता पाण्याखाली उतरते आणि तिथल्या बुडालेल्या गावात तिला एका घरात दिवा लागलेला दिसतो. पुढचे दोन तास पडद्यावर बहुतेक काळोखच. संगीत नाही. कालिंदी वर येते की नाही, वर आलेली बाई तीच की दुसरी कोणी, घरातून हाक मारणारा आवाज आईचा की तिचा स्वतःचाच, यातलं काहीही दिग्दर्शिका रेवा सोनटक्के सांगत नाही.

श्रेणिक आरवाडे याचं हरभट रोडवर चष्म्याचं दुकान होतं आणि मंडळाच्या ‘पडदा’ या चार पानी मासिकात तो दर महिन्याला लिहायचा. ‘गाळ’बद्दल त्यानं लिहिलं: “अडीच तास अंधारात बसलो. चित्रपट मला समजला नाही. कुठंतरी काहीतरी चुकतंय असं सारखं वाटत राहिलं, पण काय चुकतंय ते मला शोधता आलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. प्रेक्षकाला इतकं एकटं सोडू नये.”

त्याच अंकात त्याच्या बायकोचा, त्रिशलाचा लेख होता. ती शाळेत मराठी शिकवायची. तिनं लिहिलं होतं की कालिंदी आईकडे परत गेली, एवढीच ही गोष्ट आहे आणि ती पाण्यासारखी सलग वाहते. ज्यांना ती कळत नाही ते उगाच कोडी शोधत बसतात. मंडळात यावर महिनाभर वाद चालला. घरात त्याहून जास्त दिवस चालला. या दोघांची ओळखच मुळी मंडळाच्या एका चर्चेतल्या भांडणातून झाली होती आणि लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही रविवारचं जेवण त्या सकाळच्या चित्रपटावर वाद घातल्याशिवाय होत नसे.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली होती. मिरजेच्या एका संशोधन केंद्रातल्या डॉ. नसीम मुजावर बेचाळीस टोप्या घेऊन आल्या होत्या. कापडी, आतून बारीक संवेदक शिवलेल्या. ज्यांची तयारी होती त्यांनी त्या घालून चित्रपट पाहिला. श्रेणिक आणि त्रिशलानंही घातल्या. नंतर दरवर्षी केंद्रातून फोन येई, अर्ध्या तासाची स्मरणशक्तीची चाचणी होई आणि विषय संपे. चित्रपटही संपल्यातच जमा होता. मोजून नऊ दिवस तो चालला आणि रेवा सोनटक्के जाहिराती करू लागली.

आठ वर्षांनी डॉ. मुजावर यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

त्यांनी मांडलेलं विज्ञान तसं समजायला अवघड नव्हतं. शंभर माणसं एकच गोष्ट पाहत असतात तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी हळूहळू एका लयीत येतात. गोष्ट सरळ असेल तर ही लय शेवटपर्यंत टिकते आणि तिच्यातून मेंदूबद्दल फारसं काही कळत नाही. ‘गाळ’ मात्र सरळ नव्हता. बाविसाव्या मिनिटाला कालिंदी त्या घरात शिरते तेव्हा तांब्याचं घंगाळ दाराच्या डावीकडे असतं. एकशे चाराव्या मिनिटाला ती पुन्हा शिरते तेव्हा ते उजवीकडे असतं आणि दार उलट्या बाजूला उघडतं. त्याकडे लक्ष वेधणारं काहीही चित्रपटात नाही. बहुतेक प्रेक्षकांना हा फरक सांगता येत नाही. पण ज्या मेंदूनं पहिलं घर ब्याऐंशी मिनिटं जपून ठेवलेलं असतं, तो दुसरं घर दिसताच अर्ध्या सेकंदाच्या आत एक छोटीशी उसळी घेतो. पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. डॉ. मुजावर या उसळीला ‘खटका’ म्हणत.

सांगलीसह ठिकठिकाणी मिळून तीनशे चौदा जणांना त्यांनी हा चित्रपट दाखवला होता. सदतीस जणांच्या आलेखात खटका नव्हता. आठ वर्षांत त्यातल्या एकोणतीस जणांना विस्मरणाचा आजार झाला. ज्यांना खटका बसला होता त्यांच्यातल्या फक्त तिघांना झाला. मेंदूत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग झिजायला लागला की सगळ्यात आधी हा खटका जातो, बाकी सगळं पुढं कित्येक वर्षं ठीक चालतं, असा निष्कर्ष निघाला. तो महत्त्वाचा होता, कारण आजाराची गती रोखणारं औषध दोन वर्षांपूर्वीच आलं होतं. मात्र लक्षणं दिसू लागल्यावर ते घेतलं तर त्याचा फारसा उपयोग होत नसे.

निबंधात एक वाक्य ठळक केलेलं होतं: चित्रपट आवडणं किंवा समजणं याचा खटक्याशी थेट संबंध नाही. हे वाक्य कोणी वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळीकडे बातमी होती, ‘गाळ’ समजला नाही? वेळीच सावध व्हा.

महिन्याभरात देशभर लोकांनी ‘गाळ’ पाहिला आणि तो सगळ्यांना समजला. इंटरनेटवर आठ वर्षं दहापैकी चारवर अडकलेली त्याची गुणसंख्या नवाच्या वर गेली. ‘डोक्यावरून गेला’ असं लिहिणाऱ्यांनी जुने अभिप्राय पुसून टाकले. नोकरीच्या मुलाखतीत ‘गाळ’च्या शेवटाबद्दल विचारू लागले. मुलगी बघायला गेलेल्या मंडळींनी होणाऱ्या व्याह्यांना चहा घेता घेता कालिंदीचं काय झालं हे विचारल्याचे किस्से फिरू लागले. कोचिंग क्लासवाल्यांनी चित्रपटाचं स्पष्टीकरण काढलं आणि लोकांनी ते पाठ केलं. प्रत्यक्ष तपासणीला मात्र कोणी जाईना. समजलाय म्हटल्यावर जायचं कशाला?

‘पडदा’चे जुने अंक छापील होते. ते पुसता येण्यासारखे नव्हते. मंडळाच्या कोणीतरी श्रेणिकच्या लेखाचा फोटो मोबाइलवर सांगलीच्या चार गटांवर टाकला.

पहिले काही दिवस श्रेणिकनं ते हसण्यावारी नेलं. मग दुकानात जुनं गिऱ्हाईक असलेले तासगावचे एक बागायतदार आले, त्यांनी चष्म्याचा नंबर काढून घेतला आणि चिठ्ठी हातात धरून म्हणाले, “आरवाडे, राग मानू नका, पण परत एकदा तपासता का? न्हाई म्हंजे, तुमच्याकडनं काय ऱ्हायलं असंल तर.” श्रेणिकनं पुन्हा तपासलं. नंबर तोच आला. ते चिठ्ठी घेऊन शेजारच्या दुकानात गेले.

पुण्याहून अन्वीचा, त्यांच्या मुलीचा फोन आला. “पप्पा, तुम्ही तपासणी करून घ्या. मी येऊ का?”

“मला काही झालेलं नाही.”

“मग करून घ्यायला काय हरकत आहे?”

“तुझ्या मम्मीला विचार. तीस वर्षं ती म्हणतेच आहे की मला काही कळत नाही.”

त्रिशला तेव्हा हसली, पण फोन ठेवल्यावर म्हणाली, “अन्वीचं बरोबर आहे. त्यांच्याकडे आपले आलेख आहेत. ज्याचा त्याला मागता येतो. उद्या मिरजेला जाऊ. तुला एकट्याला अवघड वाटत असेल तर मीही माझा मागते.”

डॉ. मुजावर यांची खोली लहान होती. पन्नाशीच्या, थकलेल्या बाई. टेबलावर पत्रकारांच्या चिठ्ठ्यांचा ढीग होता. त्यांनी श्रेणिकचा आलेख पडद्यावर आणला आणि पेनानं एक टोक दाखवलं. “हा तुमचा खटका. सांगलीच्या बेचाळीस जणांत सगळ्यात मोठा. एकशे चाराव्या मिनिटानंतर तुमचा मेंदू शांतच झालेला नाही. शेवटपर्यंत तो मागं जाऊन शोधतोय.”

“म्हणजे मला समजला होता?”

“नाही. काहीतरी जुळत नाही, एवढं तुमच्या मेंदूला कळलं होतं. बरेच जण यामुळेच चिडले. ज्यांना खटका बसला नाही त्यांच्यातले काही कंटाळले, पण काहींना चित्रपट फार सलग वाटला. सुंदर वाटला. त्यांना कुठं काही अडलंच नाही.” बोलता बोलता त्यांचा हात दुसऱ्या फाइलवर थांबला. त्यांनी त्रिशलाकडे पाहिलं. “मॅडम, तुमचा निकाल तुम्हाला एकट्यांना सांगू की दोघांच्या समोर?”

श्रेणिकचा निकाल सांगताना हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता.

त्रिशलानं पर्स मांडीवर सरळ केली. “त्याच्यासमोरच सांगा. नाहीतर मग मलाच त्याला सांगावं लागेल.”

आलेखातली तिची रेघ एकशे चाराव्या मिनिटाला तशीच पुढं गेली होती. डॉ. मुजावर यांनी घाई केली नाही. हा आठ वर्षांपूर्वीचा आलेख आहे आणि तेव्हा याचा अर्थ आम्हालाही माहीत नव्हता, सदतीसपैकी आठ जण अजून बरे आहेत आणि त्यात तुम्ही आहात, आज नवी तपासणी करू आणि मगच पुढचं ठरवू, असं त्या म्हणाल्या. नव्या तपासणीला दोन तास लागले. श्रेणिक बाहेर बाकावर बसून भिंतीवरची सूचना वाचत होता, पण तीत काय लिहिलंय ते त्याला नंतर सांगता आलं नसतं. झीज होती. वेगानं नव्हे, पण होती. महिन्यातून एकदा सलाइनमधून औषध, दर तीन महिन्यांनी तपासणी. पुढच्या सोमवारपासून सुरू करायचं ठरलं.

परत येताना सांगलीची वेस आली. गाडी चालवताना श्रेणिक म्हणाला, “तुला काही जाणवत होतं का?”

“गेल्या वर्षापासून,” त्रिशला म्हणाली. “रविवारी सिनेमा पाहून आल्यावर तू आंघोळीला जातोस ना, तेव्हा मी गोष्ट लिहून ठेवते. कोण कोणाचा कोण, कुठं काय झालं. जेवताना तुझ्याशी बोलायचं असतं. मध्येच अडले तर तुला कळेल म्हणून.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू वाद घालणं थांबवलं असतंस.”

तिनं एक अट घातली. कोणालाही सांगायचं नाही. अन्वीला सुद्धा एवढ्यात नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती दहावीच्या मुलींना घरी शिकवत होती, वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होती. “एकदा कळलं की माझ्या बोलण्याला कोणी बोलणं म्हणणार नाही,” ती म्हणाली. श्रेणिकनं अट मान्य केली. लोकांचे त्याच्याबद्दलचे समज त्यानं तसेच राहू दिले. आपला आलेख दाखवला असता तर एका दिवसात त्याचं नाव स्वच्छ झालं असतं, पण मग पुढचा प्रश्न आला असता की त्रिशलाबाईंचा काय निघाला.

औषध सुरू झालं. पहिल्या दोन वेळा तिला मळमळलं, नंतर अंगवळणी पडलं. घरात वरकरणी काही बदललं नव्हतं. बदलला होता तो श्रेणिक. त्रिशलानं शब्दकोडं सोडवायला घेतलं की तो पेपरातून तिच्याकडे बघत बसे. ती एखादं नाव आठवत थांबली की तो लगेच सांगून टाके. आणि रविवारी जेवताना तो मान हलवू लागला. ती म्हणे, नायकानं जायला नको होतं; तो म्हणे, हो, बरोबर आहे तुझं. ती म्हणे, मधला भाग रेंगाळतो; तो म्हणे, थोडा रेंगाळतो खरा.

तिसऱ्या महिन्यात एका रविवारी ती म्हणाली, “आजच्या सिनेमात ती म्हातारी बाई खोटं बोलत होती, असं मला वाटतं.”

“असेल.”

“ती खोटं बोलत नव्हती, श्रेणिक. सरळ दिसत होतं ते. मी मुद्दाम म्हटलं.”

त्यानं घास ताटात ठेवला.

“तीस-बत्तीस वर्षांत तू माझं एक मत धड ऐकून घेतलं नाहीस,” त्रिशला म्हणाली. आवाज चढला नव्हता. “आता सगळंच पटायला लागलंय. मुजावर बाईंनी मला सांगितलं ना, तेव्हा मी घाबरले नव्हते इतकी आता घाबरते. मला वाटतं, तुझ्या लेखी मी आत्ताच गेलेय.”

आपण तिला जपतोय असं श्रेणिकला वाटत होतं. त्यानं उठून हात धुतले आणि बराच वेळ नळ चालूच राहिला.

त्याच महिन्यात चित्रमंडळानं ‘गाळ’ पुन्हा दाखवायचं ठरवलं. सदस्यांचीच मागणी होती. मंडळाचे सचिव, निवृत्त तहसीलदार वसंतराव घोरपडे यांनी रेवा सोनटक्के यांना बोलावलं आणि त्या आल्याही. रविवारी सकाळी साडेनऊला सभागृह भरलं. मागं खुर्च्या टाकाव्या लागल्या. अडीच तासांत एकही माणूस उठून गेला नाही.

दिवे लागल्यावर चर्चा सुरू झाली. एकामागून एक माणसं उठून बोलत होती. काळाचं वर्तुळ, आईचं प्रतीक, जाणिवेचा तळ. श्रेणिकनं लक्ष देऊन ऐकलं तेव्हा त्यातली निम्मी वाक्यं त्या पाठ करायच्या स्पष्टीकरणातली निघाली. आठ वर्षांपूर्वी मध्यंतराआधीच निघून गेलेले एक डॉक्टर ‘पहिल्याच वेळी भारावून गेलो होतो’ असं म्हणाले. रेवा सोनटक्के मंचावर हाताची घडी घालून बसल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, केस बारीक कापलेल्या.

“तुमचे आभार,” त्या शेवटी म्हणाल्या. “खरं सांगू का, मागच्या वेळी मला इथं दोन जणांनी तोंडावर शिव्या घातल्या होत्या. ते बरं होतं. आता सगळीकडे माझा सिनेमा डोळ्यांच्या दवाखान्यातल्या तक्त्यासारखा लावतात आणि लोक खालची ओळ पाठ करून येतात. कोणालाच काही खटकलं नाही? एकालाही नाही?”

घोरपडे माइक घेऊन समारोपाला उठले.

“मला बोलायचंय,” त्रिशला म्हणाली आणि श्रेणिकनं हात धरायच्या आत उभी राहिली.

तिनं स्वतःचं नाव सांगितलं. मागच्या वेळी आपण या चित्रपटावर काय लिहिलं होतं तेही सांगितलं. “मला हा चित्रपट तेव्हा फार आवडला होता आणि सगळा समजला होता. तीन महिन्यांपूर्वी मला कळलं की एकशे चाराव्या मिनिटाला माझ्या डोक्यात काहीच झालं नव्हतं. मला झीज आहे. औषध चालू आहे.” ती एक क्षण थांबली. शब्द शोधत होती की थांबायचंच होतं, हे श्रेणिकला सांगता आलं नसतं, आणि त्यानं तो शब्द तिला पुरवला नाही. “आज घंगाळ कुठं आहे ते मी मुद्दाम लक्षात ठेवून बघितलं. तरी मधल्या भागात मी हरवले. समजला नाही मला. पण कालिंदी त्या घराच्या दाराशी उभी राहते तेव्हा माझ्या पोटात कालवलं, तेव्हाही आणि आजही. आवडणं माझं आहे. ते आजाराचं नाही. आणि हे मी इथं सांगतेय, कारण या सभागृहात माझ्यासारखे आणखी असणार, आणि ते ‘समजला, समजला’ म्हणत घरी जाणार. त्यांना औषध मिळायला हवं.”

ती बसली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक तिच्याकडे बघायचं टाळत होते. ज्याची भीती तिला होती ते सगळं त्या शांततेत होतं.

श्रेणिक उभा राहिला. त्याला माहीत होतं की सगळ्यांना त्याच्याकडून दोन मायेचे शब्द अपेक्षित आहेत.

“मला हिचं म्हणणं मान्य नाही,” तो म्हणाला. “पोटात कालवलं म्हणजे चित्रपट चांगला होत नाही. सोनटक्के बाई, मी मागच्या वेळी लिहिलं होतं तेच आजही म्हणतो. तुम्ही माणसाला त्या घरात नेता आणि दार लावून घेता. आज मला घंगाळ दिसलं, दार दिसलं, सगळं दिसलं, तरी कालिंदीचं दुःख काय आहे ते मला कळलं नाही. आमच्या घरातलं मत कायमचं विभागलेलं आहे. ते तसंच राहील.”

रेवा सोनटक्के यांनी हाताची घडी सोडली आणि खुर्ची पुढं ओढली. “आईच्या दृश्यातही नाही कळलं?”

“तिथं तर मुळीच नाही.”

“कारण तू तिथं खाली बघत होतास,” शेजारून त्रिशला म्हणाली. “मी पाहिलं.”

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मग एक बाई म्हणाल्या की खरं म्हणजे त्यांनाही मधलं काही कळलं नव्हतं. त्यांच्यामागून एक वकील उठले, त्यांना शेवट फसवा वाटला होता. समारोप राहून गेला. घोरपडे माइक खाली घेऊन तसेच उभे होते, थोड्या वेळानं ते त्रिशलापाशी आले, खाली वाकले आणि हळू आवाजात विचारलं, “बाई, ते मिरजेचं केंद्र कुठल्या वारी उघडं असतं?” त्या आठवड्यात सांगलीतून एकोणीस माणसं तिथं गेली. पाच जणांना औषध सुरू करावं लागलं. घोरपडे त्यातले एक होते.

सभागृहाबाहेर दुपारचं ऊन होतं. त्रिशलानं रिक्षा थांबवली. आत बसता बसता ती म्हणाली, “कालिंदीचं दुःख तुला कळलं नाही असं कसं म्हणतोस? ती आईला शेवटचं भेटली नव्हती.”

“हे चित्रपटात कुठं आहे?”

“धरणाच्या कचेरीत. तो माणूस म्हणतो ना, तारीख निघून गेली म्हणून.”

“तो दुरुस्तीच्या तारखेबद्दल बोलतोय, त्रिशला. तू तुझं काहीतरी घालतेस त्यात.”

“घालते. मग? तू काय, रिकामाच जाऊन बसतोस?”

रिक्षावाल्यानं कुठं जायचं म्हणून दोनदा विचारलं. दोघांचंही लक्ष नव्हतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्रिशलानं घर सांगितलं, डावीकडच्या बोळातून घ्या म्हणाली, आणि श्रेणिककडे वळून तारखेच्या मुद्द्यावर परत आली.